पर्याय तर खरा होता, मग चुकला कसा?

‘मॅडम, मी सावद्याजवळच्या एका खेड्यातली. बी.एस्सी. झाल्यावर जळगावला खोली करून राहते, अभ्यासिका लावली आहे. राज्यसेवा पूर्व दोनदा दिली. दोन्ही वेळा पहिल्या पेपरात चांगले गुण होते, पण सीसॅटचे, म्हणजे पात्रतेपुरत्या दुसऱ्या पेपरातले, ६६ गाठता आले नाहीत. गणित जड जात नाही. मी अडते ती तर्काच्या प्रश्नांवर, त्यातही “या युक्तिवादामागचं गृहीतक कोणतं” असं विचारलं की. चारांतले दोन पर्याय बरोबर खोडते आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा निवडते. उत्तर बघूनही पटत नाही, कारण मी निवडलेला पर्याय खरा असतो! क्लासचे सर सांगतात, “सर्व”, “फक्त”, “कधीच” असे शब्द दिसले की पर्याय खोडायचा. तेही करून बघितलं. रोज पन्नास प्रश्न सोडवते, गुण जिथल्या तिथे. परवा मामा घरी येऊन आप्पांना सांगून गेले, “दोनदा त्याच पेपरात अडकली, म्हणजे हे तिच्याच्याने होणार नाही. आता स्थळं बघा.” आप्पा काही बोलले नाहीत. मला या वेळी काहीतरी वेगळं करायलाच हवं. चुकलेला एक प्रश्न सोबत पाठवते. नाव छापू नका.’

तिने पाठवलेला प्रश्न असा:

यंदा गावातल्या शेतकऱ्यांना केळीला मागच्या वर्षीपेक्षा क्विंटलमागे जास्त भाव मिळाला. त्यामुळे केळीच्या विक्रीतून गावात आलेली एकूण रक्कम मागच्या वर्षीपेक्षा वाढली असली पाहिजे. हा युक्तिवाद पुढीलपैकी कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे?
(अ) केळी हे गावाचं मुख्य नगदी पीक आहे.
(ब) यंदा गावातून मागच्या वर्षीपेक्षा जास्त केळी विकली गेली.
(क) यंदा विकलेल्या केळीच्या वजनात, वाढलेल्या भावाचा फायदा पुसून टाकेल इतकी घट झालेली नाही.
(ड) केळीचा लागवडखर्च यंदा वाढलेला नाही.

‘मी (ब) निवडला. उत्तरात (क) दिलंय.’

बेटा, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘मी निवडलेला पर्याय खरा असतो.’ तुझी सगळी अडचण या वाक्यात आहे. तू प्रत्येक पर्यायापाशी थांबून विचारतेस, ‘हे खरं आहे का?’ प्रश्न मात्र विचारतोय, ‘समोरच्या माणसाच्या बोलण्याला हे लागतं का?’ जगात खऱ्या असलेल्या हजार गोष्टी त्याच्या बोलण्याला लागत नाहीत. आणि त्याला जी गोष्ट लागते ती खरी असेलच असंही नाही. कित्येकदा ती खोटीच असते आणि म्हणून तर त्याचा युक्तिवाद कच्चा असतो. गृहीतक शोधताना तू न्याय द्यायला बसलेली नाहीस. बोलणाऱ्याने न बोलता काय धरून चाललंय, एवढंच तुला पकडायचं आहे.

आता तुझाच प्रश्न घेऊ. सावद्याच्या बाजूच्या मुलीला (अ) खराच वाटणार. पण समज, त्या गावाचं मुख्य पीक कापूस आहे आणि केळी चारदोन शेतकरीच लावतात. ‘भाव वाढला, म्हणून केळीची रक्कम वाढली’ या बोलण्यात काही फरक पडला का? ते आधी जेवढं पक्कं होतं तेवढंच पक्कं आणि जेवढं कच्चं तेवढंच कच्चं राहिलं. म्हणून (अ) गेला. (ड) मध्ये फसवणूक जास्त बारीक आहे. रोपं, ठिबक, खतं, करप्यावरच्या फवारण्या, हा खर्च वाढला की घरात काय उरतं याची काळजी तुझ्या आप्पांना असते आणि ती रास्तच आहे. पण युक्तिवाद नफ्याबद्दल बोलतच नाही, विक्रीतून आलेल्या रकमेबद्दल बोलतो. खर्च दुप्पट झाला तरी आलेली रक्कम वाढलेली असू शकते. निष्कर्षातला एक शब्द मनातल्या मनात बदलला की असे पर्याय गोड लागायला लागतात. म्हणून माझं पहिलं सांगणं: पर्यायांकडे जाण्याआधी निष्कर्षाखाली रेघ मार आणि त्यातला नेमका शब्द दोनदा वाच. रक्कम की नफा, ‘वाढली’ की ‘खूप वाढली’, ‘होईल’ की ‘होऊ शकेल’.

तू जिथे घसरलीस तो (ब) मात्र सावकाश बघायला हवा, कारण दोनांतला चुकीचा पर्याय बहुतेक वेळा याच जातीचा असतो. हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. मागच्या वर्षी गावातून १०० क्विंटल केळी गेली, भाव क्विंटलला १,००० रुपये. आले १ लाख. यंदा भाव १,५०० झाला. केळी तेवढीच, १०० क्विंटल गेली तर १ लाख ५० हजार. वादळाने बाग पडली आणि ८० क्विंटलच गेली, तरी १ लाख २० हजार. म्हणजे केळी कमी विकली जाऊनही रक्कम वाढली! अजून खाली ये. ६७ क्विंटलला १ लाख ५०० रुपये, अजून थोडं वरच. ६६ ला ९९ हजार, आता मात्र खाली. तर बोलणाऱ्याला काय हवं होतं? जास्त केळी विकली जाण्याची त्याला गरजच नव्हती. घट त्या काठाखाली जाऊ नये एवढंच त्याला पुरत होतं, आणि (क) तेवढंच म्हणतो. (ब) म्हणतो त्याहून जास्त. (ब) खरा असता तर त्याच्या बोलण्याला बळ मिळालं असतं यात शंका नाही, म्हणून तर तो तुला आवडला. पण बळ देणारं आणि ज्यावाचून चालत नाही असं, या दोहोंमध्ये जे अंतर आहे तिथेच तुझे गुण जातायत.

हे अंतर तपासायची रीत तुला बागेतलं उदाहरण देऊन सांगते. घड भरला की केळीला बांबूचा टेकू देतात. एखादा बांबू खरोखर झाड पेलून धरतोय की नुसता शेजारी उभा आहे, हे लांबून कळत नाही. तो काढला की कळतं. गृहीतकाचंही तसंच कर. पर्याय उलटा करून वाच, म्हणजे तो खोटा आहे असं धर, आणि युक्तिवादाकडे बघ. आडवा झाला, तर तो पर्याय त्याचा टेकू होता. उभा राहिला, तर पर्याय कितीही खरा असो, खोड. (क) उलटा कर: ‘वाढलेल्या भावाचा फायदा पुसला जाईल इतकी घट झाली आहे.’ आता ‘म्हणून रक्कम वाढली’ म्हणता येतं का? नाही. (ब) उलटा कर: ‘यंदा केळी मागच्या वर्षीइतकीच किंवा त्याहून कमी विकली गेली.’ वर ८० क्विंटलचा हिशेब केलाच आहे. रक्कम तरीही वाढलेली असू शकते. पर्याय खोटा असूनही युक्तिवाद तगेल अशी एक परिस्थिती सापडली की तो पर्याय बाद.

उलटं करताना मुलं दोन ठिकाणी चुकतात. ‘जास्त’च्या उलट ती नुसतं ‘कमी’ घेतात आणि ‘तेवढंच’ विसरतात. आणि ‘सर्व’च्या उलट ‘एकही नाही’ घेतात. ‘सर्व शेतकरी ठिबक वापरतात’ हे खोटं ठरायला एक शेतकरी ठिबक न वापरणारा निघाला तरी पुरतो. ‘काही शेतकरी ठिबक वापरतात’ हे खोटं ठरायला मात्र एकही ठिबकवाला असता कामा नये. आपल्या बोलण्यात इथे एक अडचण आहे. ‘सगळी पोरं आली नाहीत’ म्हटलं की एकही आलं नाही असाही अर्थ निघतो आणि काही आली, काही राहिली असाही. म्हणून पर्याय उलटा करताना वाक्याच्या शेवटी नुसतं ‘नाही’ चिकटवू नकोस. ‘सगळी पोरं आली, हे खरं नाही’ असं अख्खं वाक्य म्हण. राज्यसेवेची प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेली असते. मराठी वाक्यातलं ‘नाही’ नेमकं कशाला लागतंय ते कळेना झालं की शेजारचं इंग्रजी वाक्य वाच, त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. टेकू काढल्यावर पडतो तो युक्तिवाद, निष्कर्ष नव्हे. दिलेल्या कारणावरून तो निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच सिद्ध होतं. निष्कर्ष दुसऱ्याच कुठल्या कारणाने खरा असू शकतो. त्यामुळे ‘पर्याय खोटा धरला तरी निष्कर्ष खरा असू शकतो ना, मग खोडते’ असा विचार करत बसलीस तर बरोबर उत्तरही खोडशील. बघायचं एवढंच, की कारण आणि निष्कर्ष यांच्यातला धागा तुटला का.

हा धागा आपल्याकडे फार जुना आहे. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कपरंपरेतलं, उदाहरण तू कधीतरी ऐकलं असशील: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. सातपुड्याकडे बघत कुणीही असंच बोलेल, दोन वाक्यांत. नैयायिकांनी, म्हणजे त्या परंपरेतल्या पंडितांनी, मात्र पूर्ण अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा (सिद्ध करायचं ते), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष). त्यातल्या उदाहरणात ते मधलं न बोललेलं उघड करून दाखवतात: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या ‘जिथे-तिथे’च्या नात्याला त्यांनी व्याप्ती म्हटलं. परीक्षेतला प्रश्न हेतू आणि निष्कर्ष छापतो, व्याप्ती झाकून ठेवतो आणि ती पर्यायांत लपवतो. आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला, प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी, शाळेतली शिक्षकी त्यानंतरची. हे मुद्दाम सांगते, कारण अभ्यासिकेतल्या पोरांचा समज असतो की हे सगळं शहरातल्या महागड्या क्लासवाल्यांचं आहे, खेड्यातून आलेल्यांना उपजत येत नाही. तसं काही नसतं.

नैयायिकांचं याच जोडीचं दुसरं उदाहरण तुला जास्त उपयोगी पडेल. धुरावरून आग ठरवता येते, पण आगीवरून धूर ठरवता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा बघ. त्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असलं तर. तेव्हा व्याप्तीला दिशा असते. पर्यायांत बरोबर वाक्य आणि त्याचंच उलट्या दिशेचं वाक्य शेजारी शेजारी ठेवणं ही प्रश्न काढणाऱ्यांची ठरलेली खेळी आहे. ‘आमच्या अभ्यासिकेतली जी पोरं पास झाली ती सगळी रोज वर्तमानपत्र वाचत होती, म्हणून तूही रोज वाच, पास होशील.’ इथे सांगितलंय पास झालेल्यांबद्दल, निष्कर्ष काढलाय वाचणाऱ्यांबद्दल. बोलणाऱ्याने धरून चाललंय की वाचणं पास व्हायला पुरतं. ‘न वाचणारे पास होत नाहीत’ हा पर्याय कानाला त्याच्यासारखाच लागेल, पण ती दिशा दुसरी. दोन पर्यायांत अडकलीस की आधी बाण काढून बघ, कुठून कुठे जातोय ते.

आता कापसाचं घेऊ, कारण कार्यकारणाचे प्रश्न वेगळ्या धाटणीचे असतात आणि तुझी पुढची घसरण तिथे होईल असं मला वाटतं. ‘गावातल्या ज्या शेतांत कामगंध सापळे (पतंगांना वासाने ओढणारे) लावले होते, त्यांत गुलाबी बोंडअळी कमी निघाली. म्हणजे सापळ्यांनीच अळी आटोक्यात आणली.’ इथे मध्ये जोडायला एखादं सोपं ‘जिथे-तिथे’ सापडत नाही. बोलणाऱ्याने दोन गोष्टी शेजारी बघितल्या आणि एकीला दुसरीचं कारण ठरवलं. त्याने न बोलता दुसरी सगळी कारणं बाजूला सारली आहेत. शेतकऱ्याच्या पोराला विचार, तो लगेच सांगेल: जो सापळे लावतो तो बहुधा बाकीचीही काळजी घेतो. तो वेळेवर पऱ्हाटी उपटतो, फरदड ठेवत नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर जुनाच कापूस शेतात उभा ठेवत नाही. फरदड ठेवली की उरल्यासुरल्या बोंडांत अळीला खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते. शिवाय हे सापळे मुख्यतः पतंग किती आलेत, फवारणीची वेळ झाली का, हे बघायला लावतात. तर अळी कमी निघाली ती सापळ्याने की फरदड टाळल्याने? म्हणून बरोबर पर्याय असा येईल: ‘सापळे लावणाऱ्या शेतकऱ्यांनी फरदड टाळण्याची काळजी इतरांपेक्षा जास्त घेतलेली नव्हती.’

असा पर्याय बघून बहुतेक मुलं म्हणतात, ‘फरदडीचा तर प्रश्नात उल्लेखच नाही, हा विषयाबाहेरचा’ आणि खोडून मोकळी होतात. असं करू नकोस. गृहीतक म्हणजेच न बोललेली गोष्ट, तिचा उल्लेख नसणारच. वाक्यात ‘नव्हती’, ‘झालेली नाही’, ‘असा फरक नाही’ असं काही असेल तर उलट जास्त लक्ष दे. असा पर्याय काही जोडत नाही, येऊ घातलेला हल्ला अडवतो. तुझ्या केळीच्या प्रश्नातला (क) याच जातीचा होता आणि मला वाटतं तो नकारार्थी, लांबलचक आणि रूक्ष दिसला म्हणूनही तू त्याला मागे टाकलंस.

तुझ्या सरांच्या युक्तीबद्दल. सर अनुभवी असतील आणि युक्ती निराधार नाही. ज्यावाचून चालत नाही असं गृहीतक विचारलं असेल, तर ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच’वाले पर्याय बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त बोलून जातात, तुझ्या (ब) सारखे. पण ती युक्ती प्रश्नाचं शेवटचं वाक्य न वाचता वापरली की घात करते. ‘पुढीलपैकी काय गृहीत धरल्यास निष्कर्ष निश्चितपणे सिद्ध होतो?’ असं विचारलं असेल तर तिथे ठाम वाक्यच हवं. तुझाच प्रश्न अशा शब्दांत विचारला असता, तर भाव जास्त आणि केळीही जास्त, म्हणजे रक्कम वाढलीच, असा (ब) चालून गेला असता. युक्तिवाद तोच, पर्याय तोच. विचारणं बदललं की निकाल बदलला. अशा प्रश्नाला पर्याय उलटा करून बघणं लागू पडत नाही. तिथे पर्याय खरा धरायचा आणि निष्कर्ष सुटायला एखादी फट राहते का ते बघायचं. ‘अवलंबून आहे’, ‘आवश्यक आहे’ हे शब्द एका बाजूचे, ‘सिद्ध होतो’, ‘निश्चित ठरतो’ हे दुसऱ्या बाजूचे. पेपर हातात आल्यावर या शब्दांभोवती गोल कर.

तू बँकेची परीक्षाही देणार असशील तर तिथली रीत थोडी निराळी. विधानाखाली दोन गृहीतकं देऊन ‘फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोन्ही की एकही नाही’ असं विचारतात आणि विधान अनेकदा सूचना, जाहिरात किंवा आवाहन असतं. ‘सुट्ट्यांत भुसावळ स्थानकावर गर्दी असते, प्रवाशांनी वेळेआधी यावं’ अशी सूचना लागली. सूचना देणाऱ्याने काय धरलंय? काही प्रवासी तरी ती वाचतील-ऐकतील आणि त्याप्रमाणे वागू शकतील. हे काढून टाक, सूचना लावण्यात अर्थच उरत नाही. ‘आत्तापर्यंत सगळे प्रवासी उशिरा येत होते’ हे मात्र त्याने धरलेलं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये उतारा देऊन खाली गृहीतकं लिहितात आणि त्यांतली वैध कोणती ते विचारतात. तिथे लेखकाच्या बाजूला उभी राहा आणि विचार, ‘हे नाकारून लेखकाला आपलं म्हणणं टिकवता येईल का?’ उताऱ्याच्या विषयावर तुला जे बाहेरचं माहीत आहे, पहिल्या पेपरासाठी पाठ केलेलं सुद्धा, ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेव. पहिल्या पेपरात हुशार असलेल्या मुलांना इथे जास्त त्रास होतो असं मी बघत आले आहे. माहिती जास्त, म्हणून खरे वाटणारे पर्यायही जास्त.

मामांचं बोलणं तुला लागलंय, म्हणून त्याबद्दलही लिहिते. त्यांचा युक्तिवाद तू आता स्वतः उलगडू शकशील. कारण: दोनदा त्याच पेपरात अडकली. निष्कर्ष: हे तिच्याच्याने होणार नाही. मधला टेकू: तिसऱ्या वेळीही ती तसाच अभ्यास करेल, किंवा या पेपरात लागणारं कसब शिकून वाढत नाही. दुसरी गोष्ट खोटी आहे हे मी खात्रीने सांगते. तर्कशास्त्र आपल्याकडे अकरावी-बारावीला विषय म्हणून शिकवतात आणि पहिल्या महिन्यात गोंधळलेली पोरं वर्षाअखेरीला सुरेख सोडवतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलं आहे. पहिली गोष्ट मात्र तुझ्या हातात आहे. रोज पन्नास प्रश्न, चुकले किती ते मोजायचे आणि पुढे जायचं, हेच चालू राहिलं तर मामांचा टेकू जागेवर राहील आणि त्यांचा निष्कर्ष तुला आवडो न आवडो, पक्का ठरेल. मामांशी वाद घालू नकोस. माझा सल्ला आहे, आप्पांशी बोल. ते गप्प राहिले म्हणजे त्यांना मामांचं पटलं, हेही तू धरूनच चालली आहेस. या वेळी अभ्यासात नेमकं काय बदललंय ते त्यांना सांग, महिन्याला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव आणि ते गुण त्यांना दाखव. किती प्रयत्न करायचे आणि सोबत दुसरी कुठली परीक्षा द्यायची, तेही त्याच बैठकीत ठरवा. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं असलं की बाहेरच्यांच्या बोलण्याचा भार कमी होतो.

आता बदल काय करायचा. पन्नास सोड, रोज पाच घे. पर्याय कागदाने झाक. वहीत आधी निष्कर्ष तुझ्या शब्दांत लिही, मग कारण, मग ‘यासाठी काय धरावं लागतं?’ याचं उत्तर, पर्याय न बघता. तुझं उत्तर छापील पर्यायाशी तंतोतंत जुळणार नाही. जुळायलाच हवं असंही नाही. पण मनात अशी अपेक्षा घेऊन पर्यायांकडे गेलीस की गोड वाक्यांना भुलत नाहीस. मग कागद काढ, चारही पर्याय उलटे करून वाच आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा ते दोन-तीन शब्दांत लिही: ‘खरं पण नको’, ‘जास्त बोलला’, ‘दिशा उलटी’, ‘शब्द बदलला’. पंधरा-वीस दिवसांनी वही चाळ. एकच शेरा पुन्हा पुन्हा आलेला दिसेल, तो तुझा आजार. माझा अंदाज आहे, तुझ्या वहीत ‘जास्त बोलला’ भरपूर निघेल. बरोबर आलेल्या प्रश्नांनाही हे सगळं कर. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर पुढच्या खेपेला दगा देतं.

प्रश्नांसाठी पैसे घालवायची गरज नाही. दोन्ही आयोगांच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, उत्तरतालिकाही असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीचं तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक मराठीतून मोफत आहे. त्यातलं आकारिक तर्काचं चिन्हांकित गणित तुला लागणार नाही, अनुमान आणि तर्कदोष यांची प्रकरणं नक्की वाच. इंग्रजी जमत असेल तर अमेरिकेतल्या विधी प्रवेशाच्या एलसॅट परीक्षेतले नमुन्याचे प्रश्नही बघ. ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतले कोड्यांचे प्रश्न काढून टाकले आणि गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता अशाच तर्काचे असतात. ते आपल्या पेपरापेक्षा कठीण आहेत. आठवड्याला दोन-तीन पुरेत. आणि घरी गेलीस की ओट्यावर बसून लोकांचं बोलणं ऐक. ‘बऱ्हाणपूरला भाव चढला, म्हणजे रावेरलाही चढणार’, ‘त्याचा मुलगा पुण्याला गेला, म्हणजे शेती विकणार’. न बोललेलं वाक्य मनात शोधत राहा. तोंडावर दाखवून द्यायला जाऊ नकोस, माणसं दुखावतात.

पेपरातलं गणितही डोक्यात असू दे. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका प्रश्नाला अडीच गुण आणि सरासरी दीड मिनिट. ३३ टक्के म्हणजे ६६, तेव्हा एकही चूक नसेल तर २७ बरोबर उत्तरांत काम होतं. केंद्राच्या परीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात. तिथेसुद्धा ३२ बरोबर आणि १५ चूक असतील तर ६७.५ होतात. गणित तुला येतं, तिथून बरीच वाट सरते. म्हणून गृहीतकाचे सगळे प्रश्न सोडवायचा हट्ट धरू नकोस. पहिल्या फेरीत गणित आणि सोपे उतारे उरकून घे. दुसऱ्या फेरीत गृहीतकाच्या प्रश्नाला दोन मिनिटं दे, दोन पर्याय उरले तर दोन्ही उलटे करून बघ, आणि दोन्ही वेळा युक्तिवाद उभाच राहिला तर बहुधा तू निष्कर्ष चुकीचा पकडला आहेस. रेघ मारलेलं वाक्य एकदा पुन्हा वाच. तेवढ्यानेही सुटलं नाही तर खूण करून पुढे जा.

दोन महिन्यांनी वहीतली चार-पाच पानं मला पाठव. चुकलेल्या प्रश्नांची पाठव, बरोबर आलेल्यांची नको.